चेंडूला भोके कुठे पाडावीत?

बोलिंग म्हटले की आपल्याकडे क्रिकेटचा गोलंदाज डोळ्यांसमोर येतो. हा लेख त्या बोलिंगबद्दल नाही. लांब, गुळगुळीत पट्टीच्या टोकाला बाटलीच्या आकाराच्या दहा पिना त्रिकोणात उभ्या करायच्या आणि जड चेंडू घरंगळत सोडून त्या पाडायच्या, या अमेरिकेत वाढलेल्या खेळाबद्दल तो आहे. मुंबई-पुण्याच्या काही मॉलमध्ये हा खेळ मांडलेला असतो, तेव्हा शिक्षक वाचकांपैकी काहींनी तो पाहिला असेल, एखाद्याने हात दुखवूनही घेतला असेल.

या चेंडूला तीन भोके असतात. दोन बोटांसाठी दोन आणि अंगठ्यासाठी एक. चेंडू गोल आहे, बाहेरून सगळीकडे सारखाच दिसतो. मग भोके कुठेही पाडली तर काय बिघडले? मॉलमधल्या सार्वजनिक चेंडूच्या बाबतीत खरोखरच फारसे काही बिघडत नाही. पण गंभीरपणे खेळणारा खेळाडू कोरा, बिनभोकाचा चेंडू विकत घेतो, दुकानातल्या कारागिराकडे नेतो, आणि मग दोघे मिळून चेंडूवर पेन्सिलीने रेघा आखतात, कोन मोजतात, इंचाच्या आठव्या भागावर वाद घालतात. पट्टीवर तेल जास्त असेल तर भोके एका जागी, कमी असेल तर दुसऱ्या जागी. या आखणीला ते 'लेआउट' म्हणतात.

ही आखणी कशाच्या आधारावर करायची याची उत्तरे गेल्या शंभर वर्षांत बदलत गेली. त्यातले एक उत्तर बराच काळ प्रमाण मानले गेले. त्यासाठी खास तराजू बनवला गेला, नियम लिहिले गेले, लाखो चेंडू तोलून पाहिले गेले. आणि अखेरीस असे दिसून आले की जे इतक्या काळजीने तोलले जात होते त्याचा चेंडूच्या वाटेशी संबंध फारच थोडा होता. विज्ञानाच्या इतिहासात अशा गोष्टी घडतात, पण त्या इतक्या स्वच्छपणे क्वचित पाहायला मिळतात. म्हणून हा विषय आम्ही निवडला.

आधी मैदान समजून घेऊ. चेंडू सोडण्याच्या रेषेपासून पहिली पिन ६० फूट, म्हणजे सुमारे १८.३ मीटर अंतरावर असते. पट्टीची रुंदी साधारण साडेएकेचाळीस इंच, म्हणजे १ मीटरहून किंचित जास्त. दोन्ही बाजूंना चर. चेंडूचा व्यास सुमारे २१.७ सेंटिमीटर आणि वजन जास्तीत जास्त १६ पौंड, म्हणजे ७.२६ किलोग्रॅम. पिनेचे वजन दीड किलोच्या आसपास.

सगळ्या दहा पिना एका फटक्यात पाडायच्या तर चेंडू पहिल्या पिनेवर समोरून आदळून चालत नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्याला तो पहिली पिन आणि तिच्या उजवीकडची पिन यांच्या मधल्या फटीत, थोडा तिरपा घुसवावा लागतो. हा तिरपेपणा सुमारे ६ अंश असला तर सर्वांत चांगले. आता त्रिकोणमिती करून पाहा. पट्टीच्या अगदी उजव्या कडेवरून सरळ रेषेत त्या फटीकडे चेंडू सोडला, तर आडवे अंतर सुमारे १८ इंच आणि उभे अंतर ७२० इंच. म्हणजे कोन मिळतो जेमतेम दीड अंश. सरळ चेंडूने सहा अंश मिळणे भूमितीलाच मान्य नाही. चेंडूने वाटेत वळलेच पाहिजे. आणि घरंगळणाऱ्या चेंडूला वळवू शकणारे एकच बल तिथे उपलब्ध आहे, ते म्हणजे जमिनीचे घर्षण.

खेळाडू चेंडू सोडताना बोटांनी त्याला तिरपी फिरकी देतो. चेंडू पुढे जात असतो आणि फिरत असतो भलत्याच दिशेने. त्यामुळे सुरुवातीला तो घरंगळत नाही, घसरतो. जमिनीला टेकलेला त्याचा बिंदू जमिनीवरून तिरपा घासत असतो आणि घर्षणबल त्या घासण्याच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे काहीसे मागे आणि काहीसे बाजूला, लागते. हे बल एकीकडे चेंडूची वाट वाकवते आणि दुसरीकडे त्याचे फिरणे हळूहळू वाटेच्या दिशेला जुळवून घेते. दोन्ही जुळले की घसरणे संपते, शुद्ध घरंगळणे सुरू होते आणि त्यानंतर चेंडू सरळ जातो.

घसरण्याच्या काळात वाटेचा आकार कसा असतो? घर्षण सर्वत्र सारखे असेल आणि चेंडू आतून बाहेरून एकजिनसी असेल, तर ती वाट पॅराबोला असते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्यांना मिळणाऱ्या वळणाशी ज्याचे नाव जोडलेले आहे त्या फ्रेंच गणिती कोरिओलिसने १८३५ साली बिलियर्ड्सच्या गणितावर एक पुस्तक लिहिले, त्यात हा निष्कर्ष सिद्ध केलेला आहे. (ज्यांना अकरावी-बारावीला शिकवायचे असते त्यांच्यासाठी आणखी एक सोपे उदाहरण: अजिबात फिरकी न देता घसरत सोडलेला भरीव गोल घरंगळू लागतो तेव्हा त्याचा वेग मूळ वेगाच्या ५/७ उरतो, घर्षण कमी असो वा जास्त.) म्हणजे पहिली तीन-चतुर्थांश उत्तरे बोलिंगला खुळे म्हणणाऱ्यांच्याही आधी तयार होती. खेळाने ती विचारली नव्हती एवढेच.

तेव्हा खेळाडूंच्या हातात काय होते ते पाहू. एकोणिसाव्या शतकातले चेंडू लिग्नम व्हायटी नावाच्या लाकडाचे असत. हे लाकूड इतके जड की पाण्यात बुडते. पण लाकूड ते लाकूड. ते उकलते, झिजते, एका बाजूला जास्त भरते. १९०५ साली कडक रबराचा चेंडू बाजारात आला. १९१४ साली ब्रन्सविक या कंपनीने 'मिनरलाइट' नावाने स्वतःचा रबरी चेंडू काढला आणि पुढची पाच दशके रबराचीच होती. ही ब्रन्सविक मूळची बिलियर्ड्सची टेबले बनवणारी, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा.

पट्टीही लाकडाचीच. चेंडू जिथे आपटतो तिथे कठीण मेपल, मधल्या भागात मऊ पाइन. त्यावर शेलॅकचा, म्हणजे आपल्या लाखेचा लेप. त्या काळी जगाला लाख पुरवणारा मुख्य देश भारत होता. छोटा नागपूरच्या पळस-कुसुमाच्या फांद्यांवरून खरवडलेली लाख ग्रामोफोनच्या तबकड्यांत जाई, तशीच ती अमेरिकन बोलिंगच्या पट्ट्यांवरही जाई. पुढे लाखेची जागा लॅकरने घेतली आणि लॅकरची पॉलियुरेथेनने.

चेंडूच्या माऱ्याने लाकूड खराब होऊ नये म्हणून पट्टीच्या पहिल्या भागावर तेलाचा हात फिरवण्याची पद्धत पडली. हेतू फक्त लाकूड वाचवण्याचा होता. पण त्यामुळे खेळाचे मैदानच बदलले. तेल असलेल्या भागात घर्षण गुणांक ०.०४ च्या आसपास, कोरड्या भागात ०.२ च्या आसपास. पाचपट फरक! कॅरमवर पावडर टाकलेल्या जागी स्ट्रायकर सुळकन जातो आणि पावडर संपली की अडखळतो, तसेच हे. चेंडू तेलावरून जवळजवळ सरळ घसरतो, फिरकी साठवून ठेवतो आणि कोरड्या भागात पोचताच झटक्यात वळतो. कोरिओलिसचा सौम्य पॅराबोला जाऊन तिथे हॉकीच्या काठीसारखी वाट तयार होते. आज यंत्राने पहिल्या ४० फुटांच्या आसपास तेल पसरतात, मध्ये जास्त आणि कडांना कमी, आणि ते एकूण असते तरी किती? एका पट्टीवर साधारण २० ते ३० मिलिलीटर. चहाचे पाच-सहा चमचे. एवढे तेल साऱ्या खेळाची दिशा ठरवते. ते एका जागी स्थिरही राहत नाही, प्रत्येक चेंडू थोडे उचलतो, थोडे पुढे ओढून नेतो. तासाभरापूर्वीची पट्टी आणि आताची पट्टी एकच नसते.

हे वर्गात दाखवणे अवघड नाही. फरशीच्या अर्ध्या भागावर साबणाचे पाणी फिरवावे, उरलेला भाग कोरडा ठेवावा, आणि रबरी चेंडू बाजूची फिरकी देऊन ओल्या भागावरून कोरड्याकडे सोडावा. वळण कुठे सुरू होते ते मुलांना खडूने नोंदवायला सांगावे. पाणी जपून; पाय घसरण्याचा प्रयोग वेगळा.

आता भोकांकडे वळू. भोके पाडली की चेंडूतला माल निघून जातो आणि चेंडू त्या बाजूला हलका होतो. म्हणून चेंडू बनवतानाच त्या बाजूला, वरच्या थराखाली, थालीपिठासारखा चपटा जड तुकडा बसवू लागले. भोकांनी गेलेले वजन त्याने भरून निघावे ही कल्पना. पण भोके या तुकड्याच्या बरोबर मध्यावर न पाडता थोडी इकडे-तिकडे सरकवली, तर चेंडू एका बाजूला किंचित जड राहतो. इथून खेळाडूंचे डोके चालू लागले. उजवीकडे जड ठेवला तर जास्त वळतो, बोटांकडे जड ठेवला तर जास्त वेळ घसरतो, अंगठ्याकडे जड ठेवला तर लवकर घरंगळू लागतो, असे एक पूर्ण शास्त्रच तयार झाले. तेलकट पट्टीसाठी असा, कोरड्या पट्टीसाठी तसा.

नियम करणाऱ्यांना यात गैरफायद्याचा वास आला. अमेरिकन बोलिंग काँग्रेस ही संस्था १८९५ पासून या खेळाची मापे ठरवत होती. मर्यादेबाहेर असमतोल असलेल्या चेंडूला खेळाडूंच्या बोलीत 'डोडो' म्हणत, म्हणून तो पकडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तराजूला डोडो तराजू हे नाव पडले. चेंडू त्यात एका बाजूने ठेवायचा, मग उलटा ठेवायचा, आणि दोन अर्धांच्या वजनातला फरक वाचायचा. मर्यादा ठरल्या: वर-खाली ३ औंस, डावी-उजवी १ औंस, बोटे-अंगठा १ औंस. प्रत्येक दुकानाच्या टेबलावर हा तराजू आला. कारागिराची कला म्हणजे या औंसांचा हिशेब, असे समीकरण झाले.

एक औंस म्हणजे किती, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. आपण विचारू. १६ पौंड म्हणजे २५६ औंस. समजा एका औंसाचे जादा वजन चेंडूच्या अगदी पृष्ठभागावर, केंद्रापासून १०८ मिलिमीटरवर चिकटवले. तरी गुरुत्वमध्य सरकेल १०८ भागिले २५६, म्हणजे ०.४२ मिलिमीटर. अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. तो सुद्धा चेंडूबरोबर गोल फिरत असतो, एका फेरीत डावीकडे ढकलेल तर अर्ध्या फेरीनंतर उजवीकडे. परिणाम शून्य असे आम्ही म्हणणार नाही, पण त्या औंसावर सारी आखणी बेतावी इतका तो मोठा असणे कठीणच होते.

मग हा समज टिकला कसा? आमच्या मते त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे तराजू हाताशी होता. जे मोजता येते ते महत्त्वाचे वाटू लागते. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. भोके सरकवल्याने चेंडूच्या वागण्यात खरोखरच फरक पडत होता! फक्त तो औंसांमुळे पडत नव्हता. आतल्या जड तुकड्याच्या संदर्भात फिरण्याचा अक्ष बदलत होता, त्यामुळे पडत होता. निरीक्षण बरोबर, कारण चुकीचे. असे समज मोडायला सर्वांत जड जातात.

दरम्यान चेंडूच्या सालीने वेगळाच धडा दिला होता. १९६० च्या सुमारास रबराच्या जागी पॉलिएस्टर प्लास्टिक येऊ लागले. १९७३ साली डॉन मॅक्यून या व्यावसायिक खेळाडूने आपला प्लास्टिकचा चेंडू मिथाइल इथाइल कीटोन या द्रावकात भिजवून ठेवला. साल मऊ झाली, पट्टीला जास्त चिकटू लागली. त्या वर्षी त्याने सहा स्पर्धा जिंकल्या आणि वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. नियमात कुठेही न बसणारी आणि कुठेही न मोडणारी ही युक्ती होती. इतरांनी तिची नक्कल सुरू केली. हे द्रावक चटकन पेट घेते आणि त्याची वाफ नाकातोंडाला बाधते, तेव्हा हा प्रकार भलताच धोक्याचा होता. काही वर्षांतच चेंडूच्या कडकपणाची किमान मर्यादा आली. सुई टोचून कडकपणा मोजणारे ड्युरोमीटर हे उपकरण वापरून 'शोअर डी' मापात ती सांगतात. या सगळ्या भानगडीत भोकांची जागा बदललेली नव्हती, औंस बदललेले नव्हते. बदलले होते फक्त घर्षण. धडा समोर होता, पण तो वाचला गेला नाही.

१९८१ साली युरेथेनचे चेंडू आले आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यात आणखी एक बदल झाला. युरेथेन बनवताना त्यात असे तेलासारखे पदार्थ मिसळण्यात आले की जे बहुवारिकाच्या साखळ्यांशी जोडले जात नाहीत. त्यांच्यामुळे सालीत सूक्ष्म रंध्रे राहतात आणि ती पट्टीवरचे तेल शोषून घेते. या प्रकाराला 'रिअॅक्टिव्ह रेझीन' म्हणतात. गाडीच्या टायरला पावसात पाणी बाहेर फेकायला खाचा असतात, तसे या चेंडूला तेल पिणारे तोंड मिळाले. परिणाम आकड्यांत पाहा. अमेरिकेत १९६८-६९ च्या हंगामात पूर्ण ३०० गुणांचे, म्हणजे बारापैकी बाराही फटक्यांत दहा पिना पाडलेले, ९०५ डाव नोंदले गेले. १९९८-९९ च्या हंगामात ते ३४,४७० होते. माणसांचे हात तीस वर्षांत अडतीस पटींनी सुधारत नाहीत. पट्ट्या, तेलाची यंत्रे आणि चेंडू यांनी मिळून हे केले. ज्यांनी जुन्या काळात आयुष्यात एकदा ३०० केले होते त्यांना यात स्वतःच्या कष्टांचे अवमूल्यन दिसले, आणि ते आम्हाला समजू शकते.

याच काळात चेंडूच्या पोटातही क्रांती झाली. थालीपीठ गेले, त्या जागी विजेच्या दिव्यासारखे, डमरूसारखे, चित्रविचित्र आकारांचे जड गाभे आले. साच्यात ओतताना गाभा एका दांडीवर उभा धरतात. तिची खूण बाहेरून रंगीत ठिपक्याच्या रूपाने दिसते. तिलाही 'पिन' म्हणतात (पाडायच्या पिनांशी संबंध नाही, आपण ठिपकाच म्हणू). गाभ्याचा मुख्य अक्ष कुठे आहे ते हा ठिपका सांगतो. मो पिनेल या अभिकल्पकाने १९९० च्या दशकात असममित गाभ्यांचे चेंडू बनवले आणि आखणी ही औंसांची नव्हे, कोनांची भाषा आहे हे कारागिरांना आयुष्यभर शिकवले. २०२१ साली त्याचे निधन झाले.

ही कोनांची भाषा नवी नव्हती. अठराव्या शतकाच्या मध्यात ऑयलरने घन पदार्थाच्या परिभ्रमणाची समीकरणे लिहिली. पदार्थाचे वस्तुमान कसे पसरले आहे यावर त्याचा जडत्व आघूर्ण ठरतो, आणि वेगवेगळ्या अक्षांभोवती तो वेगवेगळा असू शकतो. गाभ्याचा उभा अक्ष आणि आडवा अक्ष यांभोवतीचे आघूर्ण सारखे नसतील, आणि फिरण्याचा अक्ष या दोहोंच्या मध्ये कुठेतरी तिरपा असेल, तर तो चेंडूत एका जागी राहत नाही, सरकत राहतो. तो सरकण्याचा वेग त्या कोनाच्या साइन आणि कोसाइन यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो.

बारावीचा विद्यार्थी सांगेल की हा गुणाकार ० अंशाला शून्य, ९० अंशांना शून्य आणि ४५ अंशांना सर्वांत मोठा. चेंडूचा परीघ सुमारे २७ इंच. ४५ अंश म्हणजे परिघाचा आठवा भाग, म्हणजे सव्वातीन इंचांहून किंचित जास्त, नेमके ३ पूर्णांक ३/८ इंच. कारागिराच्या टेबलावर जा. सर्वांत जास्त वळणाऱ्या चेंडूसाठी ठिपका फिरण्याच्या अक्षापासून किती दूर ठेवायचा असे विचारा. तो म्हणेल ३ पूर्णांक ३/८ इंच. त्याने साइन-कोसाइन शिकलेले असो वा नसो.

अक्ष सरकल्याने साधते काय? प्रत्येक फेरीत चेंडूचा जो पट्टा जमिनीला टेकतो त्यावर तेलाचे वर्तुळ उमटते. अक्ष स्थिर असेल तर तोच तेलकट पट्टा पुन्हा पुन्हा टेकेल. अक्ष सरकत असेल तर दर फेरीला कोरडी साल खाली येते आणि घर्षण टिकून राहते. फेकून परत आलेल्या चेंडूवर ही वर्तुळे एकमेकांपासून सुटलेली, डोळ्यांनी दिसतात. किती सुटलेली? आम्ही ढोबळ हिशेब केला. जोरकस गाभ्याच्या चेंडूत दोन आघूर्णांतला फरक सुमारे ४ टक्के असतो. ०.०४ गुणिले साइन ४५ गुणिले कोसाइन ४५ म्हणजे ०.०२, ३६० अंशांच्या एका फेरीत अक्ष ७ अंशांहून थोडा जास्त सरकतो, म्हणजे परिघावर सुमारे १.४ सेंटिमीटर. मिनिटाला ३०० फेऱ्या आणि अडीच सेकंदांचा प्रवास धरला तर बारा-साडेबारा फेऱ्या, म्हणजे सगळी वर्तुळे मिळून १६-१७ सेंटिमीटरचा पट्टा. घर्षणाचा अक्षावर होणारा परिणाम यात धरलेला नाही, तरी जोरकस चेंडूंवर प्रत्यक्षात दिसणारा पट्टा जवळपास एवढाच असतो. ऑयलरची समीकरणे चेंडूवर तेलाने लिहून मिळतात!

आता पट्टीप्रमाणे आखणी म्हणजे काय ते सोपे झाले. तेल भरपूर असेल तर ठिपका अक्षापासून साडेतीन-चार इंचांच्या आत-बाहेर ठेवून जास्तीत जास्त कोरडी साल पुरवायची, आणि साल बारीक पॉलिशपेपरने खरखरीत ठेवायची. पट्टी कोरडी असेल तर ठिपका अक्षाच्या अगदी जवळ किंवा पाच इंचांपलीकडे नेऊन सरकणे कमी करायचे, आणि सालीला चमक द्यायची. हे अंतर बदलायचे तर भोके सरकवायची, कारण फिरण्याचा अक्ष खेळाडूच्या हाताने ठरतो आणि हात भोकांशी बांधलेला असतो. दोन खेळाडूंचे अक्ष सारखे नसतात, म्हणून एकाची आखणी दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. आणि बोटांतले अंतर चुकले तर सारा हिशेब वाया. दुखऱ्या अंगठ्याने कोणीही नीट फेकू शकत नाही. चांगले कारागीर आधी हात मोजतात, मग चेंडू.

भौतिकीच्या नियतकालिकांनीही या खेळाकडे लक्ष दिले होते. १९७७ साली हॉपकिन्स आणि पॅटर्सन यांनी चेंडूच्या वाटेचे गणित अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये मांडले. २००४ साली त्याच नियतकालिकात क्लिफ फ्रोलिक यांनी सरकलेला गुरुत्वमध्य आणि असमान आघूर्ण दोन्ही धरून समीकरणे सोडवली. फ्रोलिक भूकंपशास्त्रज्ञ; पृथ्वीच्या पोटातून बोलिंगच्या चेंडूच्या पोटात उतरणे त्यांना फारसे अवघड गेले नसावे.

२००५ मध्ये जुन्या संस्था एकत्र येऊन युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस बनली. तिने पुढच्या काही वर्षांत जे काम केले ते आमच्या दृष्टीने या कथेतले सर्वांत मोलाचे. अनेक चेंडू घेतले, ते माणसाऐवजी यंत्राने एकसारखे फेकले, वाटेचे बिंदू नोंदले, आणि डझनावारी गुणधर्मांपैकी कोणाचा वाटेवर किती परिणाम होतो ते संख्याशास्त्राने तपासले. यादीत वरती आले सालीचे सूक्ष्म खरखरीतपण, पट्टीशी होणारे घर्षण, तेल शोषण्याचा वेग. त्याखाली गाभ्याचे गुण. आणि अगदी तळाशी डोडो तराजूवरचे औंस.

निष्कर्ष नियमात उतरायला आणखी दहा वर्षे गेली. दुकाने होती, सवयी होत्या, आणि औंस जुळवण्यासाठी पाडले जाणारे एक चौथे भोकही होते. त्यात बोट जात नसे. ते समतोलासाठी म्हणून पाडत, पण हुशार कारागीर त्याची जागा निवडून आघूर्णांतला फरक वाढवत किंवा कमी करत. १ ऑगस्ट २०२० पासून ते बंद झाले: भोक असेल तर त्यात बोट किंवा अंगठा असलाच पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या जेसन बेलमाँटेप्रमाणे दोन्ही हातांनी, अंगठा न घालता फेकणाऱ्यांनाही तोच नियम. त्या बदल्यात असमतोलाची मर्यादा सगळ्या दिशांना ३ औंस करण्यात आली. आणि नव्या चेंडूंसाठी एक वेगळीच चाचणी आली: ठरावीक तेल सालीवर ठेवले तर ते शोषायला किमान सव्वादोन मिनिटे लागली पाहिजेत.

डॉन मॅक्यूनचा प्रश्नही संपलेला नाही. २०२२ साली, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी, बाजारात आधीच खपलेल्या काही चेंडूंची साल मर्यादेपेक्षा मऊ भरली म्हणून त्यांवर बंदी घालावी लागली. या वेळी ते कोणी भिजवले नव्हते, कारखान्यातूनच तसे आले होते. मोठ्या स्पर्धांत आता सुई टोचून साल तपासतात. डोडो तराजूही दुकानांतून गेलेला नाही. ३ औंसांची मर्यादा अजून आहे, तेव्हा भोके पाडून झाली की कारागीर चेंडू एकदा त्यात ठेवतो, आकडा पाहतो आणि पॉलिशपेपर हातात घेतो.